दोन इंच खाली

गाडी फक्त दोन इंच खाली घ्यायची, एवढंच कमलाकरनं ठरवलं होतं. तसं त्याला कोणी भरीस घातलं नव्हतं, पण सासूबाई रुखमाबाईंचे गुडघे होते आणि थोरल्या साडूची नवी गाडी होती. रुखमाबाई दर संकष्टीला कळंबच्या चिंतामणीला जात. मागच्या खेपेला कमलाकरच्या गाडीत चढताना 'हे तर माळ्यावर चढणं झालं' असं त्या म्हणाल्या. पुन्हा असंच झालं तर यापुढे कायम थोरल्या जावयाच्या गाडीनं जाऊ, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं. जावई म्हणून बावीस वर्षं सांभाळलेली कमलाकरची अब्रू अशी दोन इंचांवर येऊन टेकली होती.

यवतमाळच्या रहमत मिस्त्रीनं स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. पण गाडी बसली तशी पुढची चाकं फेंगडी झाली. वरून आत झुकलेली, खालून बाहेर पसरलेली. अशीच चालवली तर टायर घासून महिनाभरात संपतील, असं रहमत म्हणाला. आणि संकष्टी तर उद्यावर होती.

रहमतनं धीर दिला. चाकांच्या या तिरपेपणाला कॅम्बर म्हणतात आणि बोल्ट फिरवून तो सरळ करता येतो. मात्र बसणाऱ्यांचं वजन गाडीत असतानाच तो जुळवायचा. त्यासाठी रहमत सीटवर माणसांऐवजी तेवढ्याच वजनाची ढेपेची पोती ठेवी. (बाजारपेठ कापसाची, तेव्हा सरकीची ढेप काय, हवी तेवढी.)

"वजन बरोबर सांगजा, साहेब," तो म्हणाला. "माणूस खोटं ऐकून घेते, चाक नाही घेत."

सासूबाईंचं वजन दवाखान्याच्या कागदावर होतं, बासष्ट. पंचाईत मंजुषाच्या वजनाची होती, कारण ती शेजारीच उभी होती. बायकोचं खरं वजन तिच्यादेखत सांगून सुखानं जेवलेला नवरा कमलाकरनं अजून पाहिला नव्हता. त्यानं डोळे मिटून लग्नातला आकडा दिला, बावन्न. स्वतःचं त्यानं पोट आत घेऊन अडुसष्ट सांगितलं. मग मंजुषाकडे न बघता तो पाणी प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाई अलगद मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी कौतुकानं मानही हलवली. कमलाकरचे कान मात्र मंजुषाकडच्या डाव्या चाकाला लागलेले. बावन्नाच्या जागी किती असेल, याचा हिशेब तो प्रत्येक गतिरोधकावर करत होता. गाव सुटलं, आणि कळंब रोडच्या पहिल्याच खड्ड्यात चाक खर्र खर्र घासायला लागलं.

गाडी बाजूला घेतली. थोरल्या जावयाला फोन लावू का, असं मागून सासूबाईंनी विचारलं. कमलाकरनं घाईघाईनं रहमतलाच फोन लावला आणि तो येईपर्यंत बायकोसमोर गुन्हा कबूल केला.

"मंजू, काल मी तुझं वजन खोटं सांगितलं."

"मले माहीत आहे," मंजुषा म्हणाली. "तुम्ही पाणी प्यायले गेलते तेव्हा मी रहमतभाऊले खरं सांगितलं. एकाहत्तर."

"मग माझं?"

"म्हटलं, तुमचं तुम्हाले माहीत असंल."

रहमत मोटरसायकलवर आला आणि वाकून पाहू लागला. डावं चाक सरळ होतं. घासत होतं ते ड्रायव्हरकडचं.

"साहेब, ते अडुसष्ट कोण्या सालचं?"

कमलाकरनं रस्त्याकडे पाहत ब्याऐंशी सांगितलं. रुखमाबाईंनी काच खाली करून रहमतला त्याचं स्वतःचं वजन विचारलं. सदुसष्ट, तो म्हणाला.

"मंग तुम्हीच बसा चालवाले. जावई मांगं बसले तरी चाक घासंलच," त्या म्हणाल्या. "गाडी झ्याक झाली आहे. आता दर चतुर्थीले याच गाडीनं जाऊ, अन् तुम्हीच चालवा."

अब्रू वाचली होती. फक्त तिच्यात कमलाकरला जागा नव्हती. रहमतनं त्याला देण्यासाठी आपल्या मोटरसायकलची चावी काढली, एकवार त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग मोटरसायकलकडे पाहिलं आणि चावी परत खिशात ठेवली.

"तुम्ही यष्टीनंच या, साहेब."