राजापेठेतून निघालेला सेमाडोहचा दौरा

राजापेठेतल्या रामरावची पिकअप सरकारनं दौऱ्यासाठी ताब्यात घेतली, तवा त्याच्या बागेतले संत्रे टोपल्यात भरून तयार होते न अकोल्याचा व्यापारी वाट पाहून राहिला होता. पण कारण जनहिताचं होतं. जिल्ह्याच्या साहेबाले घाटावरच्या सेमाडोहच्या लोकायचे हाल जवळून पाहाचे होते. त्या हालात झोपाचं मात्र नव्हतं. म्हणून लष्कराच्या लिलावातून एक चाकावरचं घर आणलं. खाली दोन चाकं, आत पलंग, नहाणी न पितळी बंब. हे घर पिकअपच्या मागं जोडून न्याचं होतं.

"दौरा पूर्ण होताच वाहन परत मिळेल," साहेब म्हणे.

रामरावची बायको वच्छला म्हणे, "मंग संत्र्यायलेबी तसंच सांगा, दौरा होईलोक सडू नोका म्हणा."

मिस्त्रीनं पिकअपच्या बुडाले आकडा ठोकला. घर अडकवलं, तशी पिकअप मागून दबली. सरकारी कामावरचं वाहन जनतेसमोर असं वाकलेलं बरं दिसत नाही, म्हणून हुकूम निघाला का घरातलं सामान मागं सरकवा. पलंग मागं गेला, बंब मागं गेला. साहेबाची खुर्ची त इंजिनाच्या धुरापासून दूर, पार मागच्या खिडकीपाशी. न जिथं साहेब तिथं बाकीचे. हेडक्लार्क भगवंतराव मागं, साहेबाची पेटी घेऊन शिपाई मागं, राजापेठेतले झाडून सारे मानकरी मांडीले मांडी लावून मागं.

आता वऱ्हाडात पाळण्यातल्या लेकरालेबी ठावं हाय, बैलगाडीत मागं लय जण बसले का गाडी उलाळ होते, जू वर जाते न बैल लटकतात. पण साहेबाजवळची जागा सोडून पुढं कोण जाईल?

घर मागं टेकलं. पिकअपचं बूड अधांतरी उचललं. रामरावनं इंजिन चालू केलं, त मागचे चाकं हवेतच गरगर फिरले.

"अजी, गाडी उलाळ झाली. थोडे जण पुढं सरका," रामरावनं हाक देली.

"कोणाले सरकवता?" भगवंतराव म्हणे. "मले?"

साहेबानं खुर्चीपाशी तार ओढून बसवलेल्या मैलाच्या मीटरकडे बोट दाखवलं. मीटर भराभर पुढं जाऊन राहिलं होतं. "गाडी चालते आहे. तुम्ही चालवा."

मीटरवर परतवाडा गेलं, घाट चढला, दिवस कलता कलता सेमाडोह आलं. साहेबानं खिडकीतून पाहिलं. खाली वच्छला पदर खोचून उभी.

"काय बाई, सेमाडोहात काय हाल आहेत?"

"संत्रे सडून राहिले जी."

साहेबानं शेरा मारला: सेमाडोहात संत्री अमाप, खाणाऱ्यांची टंचाई, तातडीनं सोय व्हावी. मानकऱ्यायनं टोपल्या वर घेऊन सोय तिथल्या तिथं केली.

दौरा बिनपंक्चर पार पडला. अशी गाडी सरकारात दुसरी नाही, म्हणून ती कायमची ठेवून घेतली.

"उद्या अकोला," साहेब म्हणे. "तुमचा व्यापारी तिथंच ना रामराव? भेट होईल. या, मागे बसा, चहा घ्या."

न रामराव गेला. तो मागं टेकला, तसे पिकअपचे पुढचे चाकंबी उठले.

तुमी हसून राहिले. हसा. पण वच्छलानं खालून आवाज देला होता, "एक जण उतरा गा, एक उतरला तरी गाडी टेकते." मागच्या बाकावर संत्रं सोलत बसले होते, रामरावले सरकून जागा देली, ते तुमीच न बाप्पा?