गाडी भरली की उतरणारे तोरगलकर सर

गर्दी जमली की तोरगलकर सर तिथून निघून जात. गर्दी जमवायला मात्र पहिले तेच असत.

सप्तापूरच्या माझ्या भांड्यांच्या दुकानावर त्यांची भाड्याची खोली होती. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, एकटेच. कोपऱ्यावर बस थांबावी म्हणून ते एकटे पाटी धरून उन्हात उभे राहत. पोरं, प्राध्यापक, भाजीवाल्या येऊन मिळाल्या, तशी पाटी एकीच्या हातात देऊन सर वर जाऊन झोपले.

"आता कुठं रंग चढलाय, सर," मी म्हटलं.

"म्हणूनच. इंग्रजीत 'बँडवॅगनवर उडी मारणं' म्हणतात. पुढं वाजंत्र्यांची गाडी. ती जिंकणार असं दिसलं की लोक पटापट चढतात. अर्थ समजला? आता उपयोग बघा. आधीपासून बसलेल्याला हे लावायचं नाही. चूक होतं."

"मग त्याला काय म्हणायचं?"

"त्याच्यासाठी काही नाही. त्यानं उतरावं."

मी हातगाडीवर भांडी विकून दुकान केलेला माणूस. दुकानदार संघाच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो, तेव्हा जुने दुकानदार हसले, "गाडीवाल्याला खुर्ची पाहिजे म्हणे." माझ्यासाठी एकटे सर दारोदार फिरले. हळूहळू माणसं वळली. दुकानात बसायला जागा उरेना. मी हारसुद्धा सांगून ठेवला.

आणि सर समोरच्या बसण्णा किराणावाल्याच्या पायरीवर जाऊन बसले. तोही अध्यक्षपदाला उभा होता, पण त्याच्याकडं कुणी फिरकत नव्हतं.

मी रस्त्यातच ओरडलो, "सर, माझा चहा प्यायलाय तुम्ही."

"बसण्णाचा अजून प्यायचाय," सर शांतपणे म्हणाले.

त्यांच्या बोलण्यानं माणसं तिकडं वळली. बसण्णा थोडक्यात निवडून आला. मी सांगितलेला हार मलाच त्याच्या गळ्यात घालावा लागला. ते मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी माझं दुकान ओस. समोर पेढे वाटणं चाललेलं. सर रस्ता ओलांडून आले. एरवी मी कानडीत 'बर्री सर', म्हणजे 'या सर', म्हणायचो; ते मुद्दाम टाळलं. ते आपणहून बसले.

"आता कशाला आलात? पेढे तिकडं आहेत."

"तिकडं फार माणसं आहेत."

"मी जिंकलो असतो तर आला असता?"

"नाही." ते बाहेर बघत होते. "भरल्या दुकानात मी नसलो तर कुणाला कळणार, शेट?"

माझा राग गेला नव्हता. तरी दुकान बंद करायची वेळ झाल्यावरही मी ते आणखी थोडा वेळ उघडं ठेवलं.