अजिबात चालता येत नाही

एका एवढ्याशा चौकोनात बरोबरची खूण करायला माणसाला किती वेळ लागतो? मला अर्धा सेकंद लागला. त्या अर्ध्या सेकंदाने दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार, एका विमानाची अकरा मिनिटं आणि सासरी सत्तावीस वर्षं जपलेली माझी थोडीफार अब्रू खाऊन टाकली.

आमच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनची वेळ दिली होती शुक्रवारी सकाळी आठची. मी, ही आणि हिची आई असे तिघं गुरुवारी दुपारच्या विमानाने निघणार होतो. त्यानंतर तिकडे जाणारं विमान थेट शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे हे चुकलं तर बाळ आम्हाला न विचारता जगात येणार. (बाळाचं त्यावाचून काही अडलं नसतं, पण हिने मला जगातून घालवलं असतं.)

आधीच मी भित्रा. त्यात आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी बुधवारी मला विमानतळावरच्या रांगांबद्दल सांगितलं. त्यांच्या मावसदिराचं विमान म्हणे त्याच्या डोळ्यांदेखत उडालं आणि तो रांगेत एकशेसहावा होता. संध्याकाळी घरी आल्याबरोबर मी विमान कंपनीचा अर्ज उघडला. त्यात शेवटी एक प्रश्न होता : चाकाची खुर्ची हवी का? खुर्चीवाल्याला रांग नसते हे सगळ्या जगाला माहीत आहे. खाली तीन प्रकार दिले होते. लांब चालता येत नाही, जिने चढता येत नाहीत आणि अजिबात चालता येत नाही. मागायचंच तर हात आखडून कशाला, म्हणून मी तिसऱ्यावर खूण केली. कोणासाठी ते अर्जाने विचारलं नाही. माझ्या मनात अर्थातच सासूबाई होत्या. वय वर्षं चौऱ्याहत्तर. कोणीही विश्वास ठेवला असता.

कोणीही, सासूबाई सोडून. ही बाई रोज सकाळी मैदानाला वीस फेऱ्या मारते आणि बाकावर बसलेल्या तरुणांना उठवते. त्यांना आधी सांगायची माझी छाती झाली नाही. ऐनवेळी खुर्ची समोर आली की बसतील, असा माझा हिशेब.

विमानतळावर रांग होती, ती टायपिस्टबाईंनी सांगितल्यापेक्षा लांब. मी काउंटरवरच्या मुलीला आमच्यात पेशंट असल्याचं जरा मोठ्यानेच सांगितलं. तिने लगेच आम्हाला साठ-सत्तर माणसांच्या पुढे घेतलं. मागून साठ-सत्तर जोडी डोळे माझ्या पाठीला टोचू लागले. तेवढ्यात खुर्ची आली. ढकलणारा गृहस्थ पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा, दोन माणसांना एका हातात उचलेल असा. मनातल्या मनात मी त्याला पैलवान म्हणू लागलो. त्याने आदबीने सासूबाईंसमोर खुर्ची लावली.

सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "चालता कोणाला येत नाही?"

काउंटरवरची मुलगी बघत होती. पैलवान बघत होता. रांग तर बघतच होती. माझे पाय लटपटायला लागले, त्यामुळे पुढचं वाक्य तसं अगदीच खोटं नव्हतं.

"मला," मी म्हणालो आणि बसलो.

हिने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं, पण तिने बॅगा उचलल्या आणि चालू लागली. विमान गाठायचं होतं ना.

खुर्चीत बसल्याबरोबर माणूस अदृश्य होतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला कोणी काही विचारेचना. तपासणीवाल्याने माझ्या डोक्यावरून हिला विचारलं, की यांना ऐकू येतं का. ती म्हणाली, सोयीचं तेवढं येतं. पुढच्याने विचारलं, किती वर्षं झाली. सासूबाईंनी सांगितलं, लग्न झाल्यापासूनच असे आहेत. त्याने हळहळून हिच्या सोशिकपणाचं कौतुक केलं. मी मान खाली घालून माझ्या निरुपयोगी पायांकडे बघत राहिलो. बूट तेवढे नवीन होते.

विमानाच्या दाराशी पोचायला शंभर पावलं उरली असतील, तेव्हा सुपरवायझर आडवा आला. हातात यादी. पहिल्या दोन प्रकारांना काही लागत नाही, तो म्हणाला, पण तिसऱ्या प्रकाराला डॉक्टरचा कागद लागतो. कागद नसेल तर इथला डॉक्टर तपासेल आणि तो जा म्हणाला तरच जाता येईल. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरला कळलं तर खोटारडा म्हणून उतरवणार, नाही कळलं तर आजारी म्हणून उतरवणार. विमान सुटायला पन्नास मिनिटं होती.

पैलवानाने मला विमानतळाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत होत्या. (शांत डॉक्टरांची मला जास्त भीती वाटते.) त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पायाने इमानेइतबारे लाथ घातली, ती पैलवानाला लागली. बाईंची भुवई वर गेली. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि ब्लडप्रेशर बघितलं. मग दुसरी भुवईही वर गेली.

"एकशेनव्वद," त्या म्हणाल्या. "यांना आज विमानात बसवता येणार नाही."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी उठलो, खुर्चीभोवती दोन चकरा मारल्या, दहा उठाबशा काढल्या आणि धापा टाकत सांगितलं की मी ठणठणीत आहे, रांगेच्या भीतीने थाप मारली, मला माफ करा. डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे पाहिलं.

"चालतात की हे."

"बोलतातही," ही म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

बाईंनी पुन्हा पट्टा गुंडाळला. उठाबशांमुळे आकडा दोनशेवर गेला होता. पाय उत्तम आहेत, त्या म्हणाल्या, मला काळजी बाकीच्याची आहे. अर्ध्या तासात खाली आलं तर बघू.

मग दोघी मायलेकी कोपऱ्यात कुजबुजल्या. निर्णय सासूबाईंनी जाहीर केला. त्या दोघी पुढे जाणार, मी खाली आलो तर येणार. तिकडे माझं तसं काही कामही नव्हतं. ही दारातून वळली तेव्हा मला वाटलं तिचे डोळे भरलेत. "लेकीने विचारलं तर काय सांगू?" एवढंच म्हणाली आणि गेली. ते मात्र मला खरंच लागलं. लेक लहानपणी इंजेक्शन घेताना माझं बोट धरायची. (सुई बघून आधी मी बेशुद्ध पडायचो, ही गोष्ट वेगळी.)

मी डोळे मिटून पडून राहिलो. दहा मिनिटांनी बाईंनी पट्टा गुंडाळला, आकडा वाचला आणि यंत्रावर टिचकी मारली. दुसरं यंत्र आणून पुन्हा वाचला. एकशेतीस.

"औषध तर मी दिलंच नाही," त्या म्हणाल्या. मग दोघी ज्या दारातून गेल्या होत्या तिकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि काहीतरी लिहून, शिक्का मारून कागद माझ्या हातात दिला.

दार बंद व्हायला आठ मिनिटं होती. मी पळायला लागलो, तर पैलवानाने मागून कॉलर धरली. यादीत तुम्हाला चालता येत नाही, तो म्हणाला, पळत गेलात तर तिथे कोणी आत घेणार नाही. बसा. आणि मग त्याने ती खुर्ची अशी पळवली की माझे ओठ मागे ओढले गेले. माणसं बॅगा टाकून बाजूला होत होती. मी दोन्ही हातांनी दांड्या धरून लेकीचं नाव पुटपुटत होतो.

तरी विमान अकरा मिनिटं थांबलं. आत सांगितलं होतं म्हणे, की चालता न येणारा एक पेशंट येतोय, सहकार्य करा. मला दारात उतरवलं तेव्हा सगळे सहानुभूतीने माना वाकड्या करून बघत होते. पहिल्या रांगेत ही आणि सासूबाई, मधली जागा माझी. मी बसणार एवढ्यात हवाई सुंदरीने माझा कागद वाचला आणि हळूच म्हणाली, "सर, तुम्हाला शेवटच्या रांगेत बसावं लागेल." कागदावर लिहिलं होतं : प्रवासास योग्य. पत्नी व सासूबाईंपासून दूर बसवावे.

हिने तो वाचून पर्समध्ये ठेवला. मग मी चालत गेलो. एकतीस रांगा. साखळी ओढल्यासारख्या माना माझ्याबरोबर वळत होत्या. चौदाव्या रांगेत एकाने हात जोडून डॉक्टरांचा पत्ता विचारला, त्याच्या आईचे गुडघे सहा वर्षं धरले होते.

शुक्रवारी आठ वाजून बावीस मिनिटांनी आम्हाला नात झाली. नर्स म्हणाली, आत दोघांनाच सोडते. मी पुढे सरसावलो, तर हिने पर्समधून तो कागद काढून तिच्या हातात दिला. नर्सने तो नीट वाचला, शिक्का तपासला आणि मला बोळाच्या टोकाच्या बाकाकडे बोट केलं. नात मी काचेतून पाहिली, तीही सासूबाईंच्या खांद्यावरून जेवढी दिसली तेवढी.

तो कागद आता घरी कपाटात आहे, प्लास्टिकमध्ये. टीव्हीसमोरच्या सोफ्यावर मी बसायला गेलो की बाहेर निघतो. डॉक्टरीणबाईंनी त्यावर सगळं व्यवस्थित लिहिलंय, फक्त मुदत लिहायची राहिली आहे.