सासूबाईंची निरीक्षणवही

मंगळवार, ७ जानेवारी २०२५. हवा: पहाटे चांगलाच गारठा, किमान तापमान साडेअकरा, वारा उत्तरेचा, पतंगांना अनुकूल.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी आमच्या फ्रिजमध्ये, भाज्यांच्या ट्रेमध्ये, दुधी आणि मेथीची जुडी यांच्या मधोमध टीव्हीचा रिमोट सापडला. सगळं तिथून सुरू झालं.

मी गेली बावीस वर्षं रोजनिशी लिहितो. मला कुणी शिकवलं नाही, माझा मीच शिकलो. बडोद्यात, मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत मी आवक-जावक सांभाळतो. आलेला कागद नोंदवल्याशिवाय मी तो आत जाऊ देत नाही. घरीही वेळ, हवा आणि वस्तू यांची नोंद झाल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. (साखर घालायची राहिली असेल, असं दीप्ती म्हणते. दीप्ती म्हणजे माझी बायको.)

आम्ही गोत्रीत एका टेनामेंटमध्ये, म्हणजे ओळीतल्या छोट्या स्वतंत्र घरात राहतो. टेनामेंट सासूबाईंचं. लग्नानंतर सहा महिन्यांसाठी म्हणून मी इथे राहायला आलो, त्याला या मे महिन्यात चोवीस वर्षं होतील. घर त्यांचं, दारातली स्कूटर त्यांची, आणि काळजी करण्याचं काम माझं.

सासूबाईंचं नाव निरुपमा. वय चौऱ्याहत्तर. शाळेत गणित शिकवत होत्या. आता सोमवार ते शुक्रवार सकाळी अकोट्याच्या मैदानावर बायकांना स्कूटर शिकवतात, तेही फुकट. त्यांच्या वर्गात प्रवेशासाठी एकच अट आहे: ‘आता या वयात कशाला?’ असं घरातलं कुणीतरी म्हणालेलं असलं पाहिजे. आजवर एकोणीस जणी शिकून गेल्या. (मला स्वतःला दुचाकी येत नाही. मी कंपनीच्या बसनं जातो. हे सांगणं आवश्यक नाही, पण नोंद पूर्ण असावी.)

तर रिमोट. तो फ्रिजमध्ये कुणी ठेवला असेल? दीप्ती सत्तेचाळीस, मी एक्कावन्न, आई (सासूबाईंना मीही आईच म्हणतो) चौऱ्याहत्तर. मी फार विचार केला नाही, सर्वांत मोठा आकडा उचलला. त्याच आठवड्यात मोबाइलवर मला कुणीतरी ‘ज्येष्ठांमधली दहा धोक्याची चिन्हं’ पाठवली होती. पहिलं चिन्ह: वस्तू भलत्याच जागी सापडणं. मी तातडीनं एक शंभर पानी वही आणली, तिला ब्राउन पेपरचं घट्ट कव्हर घातलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘निरीक्षणवही. विषय: आई.’

दुसऱ्याच दिवशी निरीक्षणाची संधी आली. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ आलं की बडोद्यात स्कूटरच्या हँडलला कमानीसारखी एक सळई बसवतात, म्हणजे रस्त्यात आडवा आलेला मांजा गळ्यापर्यंत पोचत नाही. आई पोर्चमध्ये उकिडव्या बसून ती सळई बसवत होत्या.

“आई, उत्तरायण होईपर्यंत स्कूटर राहू द्या. मांजा असतो रस्त्यात.”

“म्हणून तर सळई लावतेय. जरा तो पाना द्या.”

मी हाताला लागली ती वस्तू दिली.

“ही पक्कड. पाना, शरच्चंद्रराव.”

मी वहीत लिहिलं: ‘८ जानेवारी. साध्यासाध्या वस्तूंच्या नावांवरून चिडचिड.’

पुढच्या नोंदी अशा:

‘९ जानेवारी, ६.१०. आई म्हणाल्या, दूध कुठंय? आपण काय आणायला सांगितलं होतं, ते विसरल्या असाव्यात. (मी वर्तमानपत्र आणलं होतं.)’

‘१० जानेवारी, ८.०५. मी बससाठी निघताना आई माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहत होत्या. ओळख पटत नसावी. (स्वेटर उलटा होता, हे दुपारी ऑफिसात कळलं.)’

‘११ जानेवारी. “गॅस बंद केलात का?” हा एकच प्रश्न तीन वेळा. पुनरावृत्ती हे चिन्ह क्रमांक चार. (तिसऱ्या वेळी जाऊन बंद केला.)’

कंस मी प्रामाणिकपणापोटी घालत होतो. नोंद ही नोंद असते.

रविवारी वहीची सहा पानं भरली आणि माझी खात्री पटली. मी डॉ. हिंमतरावांची गुरुवारची वेळ घेतली. नागरवाड्यात त्यांचा दवाखाना आहे. वय अठ्ठ्याहत्तर. अशा कामाला अनुभवी माणूसच हवा, कालच्या पोराचं ते काम नाही, असं माझं ठाम मत.

हे मी जेवताना सांगितलं, तेव्हा आईंनी आमटीचा चमचा खाली ठेवला.

“हिंमतराव माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांची वही कोण ठेवतं?”

“आई, त्यांची गोष्ट वेगळी.”

“का? ते फी घेतात म्हणून?”

दीप्ती हसली. मी हसलो नाही. उलट त्याच दुपारी, दोघी झोपल्या असताना, मी दारामागच्या खिळ्यावरची स्कूटरची चावी काढली आणि लपवून ठेवली. डॉक्टरांचा निकाल लागेपर्यंत चार दिवसांचाच प्रश्न होता. कुठे ठेवली, हे रोजनिशीत लिहिलं नाही, कारण रोजनिशी दीप्ती वाचते. शिवाय ती इतकी विचारपूर्वक निवडलेली जागा होती, की विसरण्याचा प्रश्नच नव्हता.

सोमवारी सकाळी साडेसहाला खिळा रिकामा दिसला आणि घरात शोधाशोध सुरू झाली. पर्स, ओटा, देव्हारा, गाद्या. जोडीची दुसरी चावी २०१९ साली हरवली आहे. (माझ्याकडून. नोंद आहे.) तेवढ्यात स्नेहलताताईंचा फोन आला. या आईंच्या विसाव्या विद्यार्थिनी. वय एकसष्ट, नागरवाड्यात राहतात. आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

“बाई, कुठे आहात? शुक्रवारी माझी लायसन्सची टेस्ट आहे ने! आठच्या आकड्यात अजून पाय टेकतोय माझा. आणि तुमच्या स्कूटरशिवाय दुसऱ्या कशावर हात बसलेला नाही. घरी सगळे शुक्रवारचीच वाट बघतायत. हसायला!”

“चावी सापडत नाही गं,” आई म्हणाल्या.

‘सापडत नाही’ हे त्या इतक्या हळू म्हणाल्या, की आता पुरे, असं ठरवून मी गंभीर चेहऱ्यानं चावी आणायला उठलो. आणि पॅसेजच्या मध्यावर थांबलो.

कुठे ठेवली होती?

मी परत येऊन बसलो. कबुली द्यायची माझी पूर्ण तयारी होती. पण कबुली दिली आणि चावी दाखवता आली नाही, तर दोन गुन्हे होतात. आधी चावी, मग कबुली, असा क्रम मी ठरवला.

संध्याकाळी आई झोपाळ्यावर बसल्या होत्या. झोपाळा हलत नव्हता.

“मी रोज खिळ्यालाच लावते गं दीप्ती,” त्या म्हणाल्या. “परवाही लावली. पण लावली हे आठवतंय, की रोज लावते म्हणून तसं वाटतंय, तेच कळेना.”

“आई, एक चावी हरवलीय. माणसाची हरवते.”

“तुझ्या वयात चावी हरवते. माझ्या वयात डोकं हरवलं म्हणतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शरच्चंद्रराव, तुम्ही डॉक्टरांची वेळ घेतलीत ते बरं केलंत. ते नको म्हणाले, तर स्कूटर विकून टाकू. स्नेहलताला दुसरी सोय बघायला सांगते.”

इतके दिवस मला हेच तर ऐकायचं होतं. ऐकलं, आणि मी पुन्हा चावी शोधायला उठलो. त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही.

मंगळवारी आणि बुधवारी सगळं बडोदं गच्चीवर होतं. चारी बाजूंनी पतंग कापल्याच्या “काप्यो छे!” अशा आरोळ्या उठत होत्या, आणि मी खाली घरात रांगत होतो. तांदळाचा डबा, गिझरची वरची बाजू, कुंड्या, जुन्या बुटांची खोकी, सगळं पाहिलं. २०१६ साली हरवलेलं नेलकटर सापडलं. माझ्या लग्नातल्या फेट्याचा तुरा सापडला. चावी नाही. आई दोन्ही दिवस गच्चीवर आल्या नाहीत. एरवी फिरकी त्यांच्याच हातात असते.

गुरुवारी आम्ही तिघं रिक्षानं नागरवाड्यात गेलो. मी मांडीवरची वही घट्ट धरली होती. ती जरा जड लागत होती. नोंदीच तशा महत्त्वाच्या आहेत, असं मी मनाशी म्हटलं.

डॉ. हिंमतरावांनी चष्मा न लावता वही उघडली आणि वाचायला लागले. पहिल्या पानावर त्यांची भुवई वर गेली. दुसऱ्या पानावर दुसरी. तिसऱ्या पानावर ते मोठ्यानं वाचू लागले, आणि त्यांनी नेमके कंसच तेवढे वाचले.

“वर्तमानपत्र आणलं होतं... स्वेटर उलटा होता... तिसऱ्या वेळी जाऊन बंद केला...” त्यांनी वर पाहिलं. “नोंदी फार चांगल्या आहेत. किती दिवसांपासून होतंय हे?”

“साधारण आठवडा,” मी म्हणालो. “आईंच्या बाबतीत आम्ही...”

“आईंचं नंतर. मी तुमचं विचारतोय.”

दीप्तीनं पदर तोंडाला लावला.

“आणि हा रिमोट,” डॉक्टर पहिल्या पानावर परत गेले. “आदल्या रात्री टीव्ही शेवटी कुणी बंद केला?”

“मी. साडेनऊच्या बातम्या संपल्यावर.”

“मग?”

“मग पाणी प्यायला...” मी म्हणालो आणि थांबलो. पाण्याची बाटली फ्रिजमध्ये असते.

डॉक्टर मान हलवत शेवटचं पान पाहायला वही उलटी करू लागले. ब्राउन पेपरचं मागचं कव्हर सुटलं आणि टेबलाच्या काचेवर खण्णकन काहीतरी पडलं.

स्कूटरची चावी.

घरात जिला कुणी हात लावणार नाही, अशी एकच वस्तू होती: माझी वही. म्हणून मी ती चावी तिच्याच कव्हरच्या घडीत सरकवली होती. आता आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं.

“शरद!” दीप्ती म्हणाली. गेल्या चोवीस वर्षांत माझं नाव इतकं लांबवून उच्चारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. उभं राहून सांगितलं. आईंनी चावी उचलली, उलटसुलट करून पाहिली.

“म्हणजे मी खिळ्यालाच लावली होती?”

“हो.”

“नक्की?”

“नक्की, आई. मीच काढली. चूक झाली माझी. फार मोठी.”

त्यांनी चावी मुठीत घट्ट धरली. “तीन दिवस मी स्वतःची परीक्षा घेत होते हो. सतराचा पाढा, एकोणतीसचा पाढा, वर्गातल्या मुलींचे हजेरीपटावरचे नंबर. सगळं येत होतं. तरी स्वतःवर विश्वास बसत नव्हता. का, तर घरातल्या एका शहाण्या माणसाला वाटतंय, की मी आता गेले कामातून.” एवढं बोलून त्या एकदम हसायला लागल्या. “आणि तो शहाणा माणूस स्वेटर उलटा घालतो!”

डॉक्टर म्हणाले, “विसरणं कुणाचं जन्मवर्ष बघून येत नाही. वेळ घेतलीच आहे, तर चाचणी दोघांचीही करतो.”

आधी तारीख विचारली. मी तारीख, वार आणि हवा सांगितली. (हवेला गुण नव्हते.) मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आई दोनपर्यंत पोचून “पुढे ऋण संख्या येतात, चालेल का?” असं विचारत होत्या. मी त्र्याण्णव, शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर असा गेलो. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते: केळं, घड्याळ, पूल. पाच मिनिटांनी आईंनी ते तिन्ही क्रमानं सांगितले. मी म्हणालो, “केळं, घड्याळ आणि... निरभ्र.”

“घाबरायचं काही नाही,” डॉक्टर मला म्हणाले. “बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, झोप वाढवा आणि एका वेळी एकच काम करा. नोंदी कमी करा.”

बाहेर आल्याबरोबर आईंनी फोन लावला. “स्नेहलता? चावी सापडली. चार वाजता मैदानावर ये. हो, आजच. आठचा आकडा पक्का केल्याशिवाय सोडणार नाही तुला.”

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५. हवा: निरभ्र, वारा मंद, किमान तापमान तेरा.

११.४०: स्नेहलताताई लायसन्सच्या परीक्षेत पास. पाय एकदाही टेकला नाही.

१२.१५: डॉ. हिंमतरावांकडून चाचणीचा लेखी निकाल आला. आई: तीसपैकी एकोणतीस. (घड्याळाचं चित्र काढायचं होतं, त्याचा गोल नीट आला नाही म्हणून एक गुण गेला. त्यांनी फेरतपासणी मागितली आहे.) मी: तीसपैकी बावीस.

स्कूटरची चावी खिळ्यावर. निरीक्षणवही आईंच्या ताब्यात. ‘विषय’पुढचं ‘आई’ खोडून त्यांनी माझं नाव घातलं आहे.

माझी पुढची तपासणी सोमवार, १७ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजता. कागदावर डॉक्टरांचा शेरा: ‘पेशंटने एकट्याने येऊ नये. सोबत घरातील जबाबदार व्यक्ती असावी.’ सोबत आई येणार आहेत. मी स्कूटरवर मागे बसणार आहे.