परबकाकांच्या ऑक्टोबरी माश्या

शेजारी म्हणून पहिल्यांदा माझे दार वाजवले, तेव्हा परबकाकांनी साखर मागितली नाही, केस मागितले.

“कंगव्यात अडाकलेले चलतत गो. फक्त तेल लावलेले नको. तरंगतत.”

मी रसायनशास्त्रात संशोधन करते. मागणी विचित्र असली तरी तिच्यामागचे कारण शास्त्रशुद्ध आहे, हे मला मान्य करावे लागले.

काका पूर्वी गिरणीत विणकर होते. आता लालबागच्या आमच्या नव्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, ते गळावर सूत, पिसे आणि केस गुंडाळून मासे फसवणाऱ्या खोट्या माश्या तयार करतात. त्यांची मुलगी वंदना अमेरिकेत एका तळ्याकाठी राहते आणि सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसते. त्या तळ्यात ब्लूगिल नावाचा, तळहाताएवढा, चिमुकल्या तोंडाचा मासा असतो. काकांनी तो कधीही पाहिलेला नाही. तरी जावयाच्या आवडीनिवडींविषयी नसेल इतक्या खात्रीने ते त्याच्याविषयी बोलतात.

ऑक्टोबर लागला की तिथले पाणी गार होते. मासा खोल जातो, आळसावतो. मग माशी हवी लहान, काळपट आणि सावकाश बुडणारी. इकडे आपण घामाने निथळत असताना काका लोणच्याच्या बरणीत बर्फ टाकून अमेरिकेतले तळे तयार करतात. त्या दिवसांत त्यांच्याकडे थंड पाणी मागणे व्यर्थ. “बरफ तळ्यासाठी हा,” असे सांगून ते माठातले देतात.

जरीचे तुकडे ते हिंदमाताच्या साडीच्या दुकानातून आणतात, पिसे कोंबडीवाल्याकडून. एका लग्नात नवरदेवाच्या फेट्यातले मोरपीस त्यांनी मंगलाष्टके संपेपर्यंत इतक्या एकाग्रतेने न्याहाळले, की वधूपक्षाला वाटले, आजोबा आशीर्वाद देत आहेत.

काकू होत्या तोवर वंदनाचा फोन त्याच घ्यायच्या. नंतर तो काकांकडे आला आणि ‘जेवलात?’ ‘जेवलो’ एवढ्यावर संपू लागला. माश्या सुरू झाल्यावर मात्र दर रविवारी सकाळी अर्धा अर्धा तास चर्चा चालते. “बाबा, तो येतो, बघतो आणि परत जातो,” अशी तिची तक्रार असते. मग काका सल्ला देतात.

गेल्या ऑक्टोबरमध्ये निवडीचे काम मी स्वतःहून अंगावर घेतले. टेबलावर अकरा माश्या होत्या; वंदनाच्या पाकिटात चारच जाणार होत्या. मी घड्याळ लावून प्रत्येकीचा बुडण्याचा वेळ मोजला, तक्ता केला.

“तुझा डोक्या ऱ्हवांदे गो. माशाचा डोक्या लाव,” काका म्हणाले. हे वाक्य ते वॉचमनला आणि टीव्हीवरच्या तज्ज्ञांनाही ऐकवतात.

सातवी माशी निर्विवाद श्रेष्ठ ठरली. माझे केस आणि मोरपिसाचा एक तंतू. ती बरणीत अशी डुलत उतरली, की मलाच तोंड उघडावेसे वाटले.

“हिका म्हणतत माशी,” काका पुटपुटले. मग त्यांनी ती अलगद बाजूला ठेवली आणि दुसऱ्याच चार पाकिटात घातल्या.

“काका, सर्वोत्तम तर राहिली!”

“म्हायत हा.”

“मग?”

ते पाकीट चिकटवत राहिले. “ही गेली तर पयल्याच दिसाक मासो गावतलो. मगे माझा चेडू, वंदना, माका काय इचारतला काय?”

त्यांनी एक काडेपेटी उघडून सातवी माशी आत ठेवली. कापसावर आधीच्या प्रत्येक ऑक्टोबरची एकेक माशी होती. एकूण पाच, सगळ्या अप्रतिम.

तक्त्याची घडी करून मी ती पर्समध्ये टाकली.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला.

“एकय मासो घेणा नाय म्हणतस? अरे वा!”

आणि मग घाईघाईने, “म्हणजे, वायट झाला गो. बस, सांग बघू सगळा.”