छप्पर त्यांचं, बिल आमचं

शेजाऱ्यांच्या घरात मी कधी नाक खुपसत नाही. (दार उघडं असेल तर डोकावते, एवढंच.) त्या दिवशी शेजारचे घड्याळवाले भाऊजी शिडीवर चढून छपराचे फुटके पत्रे मोजत होते आणि ताई, म्हणजे त्यांची बायको, खाली बादल्या. मागच्या पावसात ताईंच्या खाटेवर तीन ठिकाणी गळलं. ओल बाधून त्यांचा खोकला महिनाभर हलला नाही. या पावसाआधी छप्पर बदलायचंच, असं ठरलं होतं. साठवलेले पैसे एकदाच पुरणार होते, त्यामुळे चूक करून चालणार नव्हतं.

नेमका अशा वेळी मला सल्ला सुचला.

"साधे पत्रे कशाला भाऊजी? सोलर छप्पर घाला! पत्रा नुसता डोक्यावर बसून राहतो, हे छप्पर कमावतं."

"महाग असतं हो वहिनी."

"दुप्पट पडतं, पण विजेचं बिल वाचून वरचे पैसे आठ वर्षांत फिटतात. हिशेब केलाय मी!"

(आठवीच शिकले, पण भागाकार पक्का आहे. त्यांच्या घरातलं बिल तेवढं माझ्या पाहण्यात नव्हतं, म्हणून आमचंच धरलं. भिंतीला भिंत लागून घरं, बिलं काय वेगळी असणार?)

भाऊजी विरघळले. पत्रेवाल्याला नको म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी सोलर कंपनीचा माणूस आला, छपरावर फिरला, ऊन बघून खूश झाला. मग त्याने वर्षभराची बिलं मागितली, आणि ती बघून चष्मा काढून पुसला.

"काका, या बिलावर पैसे फिटायला एक्केचाळीस वर्षं लागतील."

"मी चौसष्टचा आहे," भाऊजी म्हणाले. "एवढी गॅरंटी मी घड्याळाला देत नाही, स्वतःला कुठून देऊ?"

"पण बिल इतकं कमी कसं? फ्रीज, टीव्ही, इस्त्री काहीच नाही?"

"आहे की," ताई भोळेपणाने म्हणाल्या, "वहिनींकडे."

खरंच की! त्यांचं दूध आमच्या फ्रीजमध्ये, मालिका आमच्या टीव्हीवर, कपडे आमच्या इस्त्रीखाली. आग्रह माझाच असतो. (नाहीतर मला बातम्या कशा कळणार?)

कंपनीचा माणूस माझ्याकडे वळला. "मग सोलर तुम्हाला परवडेल!"

तेवढ्यात आमचे हे दारात. "आमचं छप्पर दोन वर्षांपूर्वीच नवं घातलंय. धडधाकट छप्पर उखडून सोलर घालणं कसं परवडेल?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे गळकं छप्पर त्यांचं आणि फुगलेलं बिल आपलं. छान हिशेब केलास!"

पाऊस दहा दिवसांवर आला होता. मीच पत्रेवाल्याचे पाय धरले. चार टोमणे मारून तो तयार झाला. आठ दिवस काम चाललं आणि तेवढे दिवस भाऊजी, ताई, त्यांची खाट आणि सतरा घड्याळं आमच्या घरी. (सगळी दुरुस्त केलेली, बारा वाजायला अर्धा तास लागायचा.) ताईंना दिवसभर पंखा, भाऊजींना अंघोळीला गीझरचं कढत पाणी, कशालाच मी नाही म्हटलं नाही.

पाऊस आला. ताईंची खाट कोरडी, खोकलाही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

महिना संपला तशी बिल बघायला टपालपेटीकडे गेले, तर भाऊजी आधीच तिथे! डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून आमचं बिल वाचत होते.

"अभिनंदन वहिनी," ते म्हणाले. "आता धडधाकट छप्पर उखडलंत तरी तुम्हाला सोलर परवडतं."