आप्पांच्या श्वासाची शिकवणी

"आप्पांच्या लिव्हरचा फोटो असा येईल, की डॉक्टर तो फ्रेम करून लावतील," असं निकिताने घरात जाहीर करून टाकलं. दहावीतली निकिता तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आल्यापासून कुठलीही गोष्ट जाहीरच करायची. साधं सांगणं तिने सोडूनच दिलं होतं!

आप्पा म्हणजे तिचे थोरले चुलते. त्यांच्या लिव्हरवर डाग दिसला होता. आता नगरला जाऊन, शिरेतून औषध देऊन, त्या डागात रक्त कसं भरतं ते सोनोग्राफीत बघायचं होतं. डाग साधा निघाला तर परत घरी सोनईला, नाही तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. निकिताला मात्र मोबाईलवर एक वाक्य सापडलं होतं: श्वासाबरोबर लिव्हर वरखाली होतं आणि चित्र हलतं. झालं! हलणाऱ्याला धरून ठेवलं की काम फत्ते!

तिने आप्पांना गोठ्याजवळच्या बाजेवर आडवं केलं आणि साबणाची वडी मशीन समजून त्यांच्या पोटावर फिरवायला सुरुवात केली.

"आप्पा, श्वास धरा. मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. दुसरं कुणी म्हटलं तरी नाही."

"डाक्टर म्हनला तर?"

"फोटो बिघडला तर त्रास कुणाला? डॉक्टरला का तुम्हाला?"

हे आप्पांना पटलं. तरुणपणी विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी ते बुडी मारून काढायचे. दम कोंडणं म्हणजे त्यांच्या घरचंच काम.

नगरला तपासणीच्या खोलीत नातेवाइकांना मज्जाव, ही बारीकशी गोष्ट मात्र निकिताच्या योजनेत नव्हती. ती बाहेरच्या बाकावर, शेजारी आपल्या नंबरची वाट बघणाऱ्या बनुबाईंना लिव्हरचा धडा देत बसली. एवढ्यात दार उघडलं. डॉक्टर अश्विनी मॅडमना एसीत घाम फुटला होता.

"आप्पासाहेबांची निकिता कोण?"

निकिता ऐटीत उठली. कौतुकालाच बोलावत असणार!

आत आप्पा भरताच्या वांग्यासारखे जांभळे पडले होते. सिस्टर गयावया करत होती, "बाबा, श्वास सोडा ना." आप्पांनी फक्त बोटाने निकिताकडे दाखवलं.

"सोडा," ती पुटपुटली.

आप्पांनी दम सोडला, तो लोहाराचा भाता फुटावा तसा. पोट असं उसळलं, की पडद्यावरचं लिव्हरच गायब!

"मघापासून हेच चाललंय," मॅडम म्हणाल्या. "कोंडतात, दम संपला की उसळतात, आणि निकिताचं नाव सांगून पुन्हा कोंडतात. औषध वाया गेलं. अगं, साध्या श्वासाने लिव्हर जेवढं हलतं, तेवढं हे मशीन सांभाळून घेतं. लिव्हर सरकलं की चित्र त्याच्या मागे नेऊन जुळवतं. इतका वेळ श्वास कोण धरेल? कुठून शिकलीस हे?"

"मोबाईलवर होतं."

"पुढचं वाचलंस?"

पुढे जाहिरात आली होती.

"औषध पुन्हा देता येईल. पण ते माझं ऐकत नाहीत. तूच सांग त्यांना."

मॅडम बघतायत, सिस्टर बघतेय. निकिताचे कान चुलीवरच्या तव्यासारखे तापले.

"आप्पा, नेहमीसारखा श्वास घ्या. मी चुकीचं शिकवलं."

"ह्या बाई दटावत्यात व्हय तुला? घाबरू नको, मी हाय."

"नाही आप्पा. मॅडमचंच बरोबर आहे. मला काही माहीत नव्हतं."

प्रदर्शनात अर्धा तास बोलताना अडखळली नव्हती ती पोरगी, या चार-पाच वाक्यांत घामाघूम झाली!

आप्पा मात्र निवले. दुपारी सावलीत बसलेल्या म्हशीसारखे संथ श्वास घेऊ लागले. सिस्टरने पुन्हा औषध दिलं. पडद्यावर डाग जागच्या जागी राहिला. मॅडम बघत राहिल्या. तेवढा वेळ निकितानेच श्वास धरला होता.

"साधी रक्तवाहिन्यांची गाठ आहे," अखेर मॅडम म्हणाल्या. "पुण्याला जायची गरज नाही."

आप्पा बाहेर आले आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या पोरीनं सांगितलं तवा कुठं मशीन लागलं बघा. लई हुशार हाय."

निकिता भिंतीवरचं 'शांतता राखा' पुन्हा पुन्हा वाचू लागली.

"मंग मला बी सांग की बये," बनुबाई सरसावून बसल्या. "आत गेल्यावर श्वास कसा घ्यायचा?"

"नेहमीसारखा," निकिता खाली बघत म्हणाली.

बनुबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आन् एवढंच शिकाया तू दहावीपतुर गेलीस?"